हललेली पोरं

जुना फोटो हातात आला की मी आधी त्याच्या कडा बघते. मध्यभागी काय आहे ते सांगायला फोटो स्वतःच समर्थ असतो. तिथे राजाबाई टॉवर असतो, ट्राम असते, एखाद्या लाटसाहेबाची बग्गी असते, आणि खाली छापलेलं नावही त्यांचंच असतं. कडेला आलेल्यांना कुणी बोलावलेलं नसतं. अर्धी कापली गेलेली हातगाडी, खांबाला टेकलेला हमाल, डोक्यावर पाटी घेतलेली पाठमोरी कोळीण, आणि बहुतेक वेळा एखादं पोरगं. मुंबई असो, पुणं असो, कराची असो की लंडन, ते तिथे असतंच. भर रस्त्यात कुणीतरी तिकाटणं रोवून काळ्या कापडात डोकं घालतंय म्हटल्यावर ते हातातला खेळ टाकून आलेलं असतं, आणि ‘हट’ म्हटल्यावर जेवढं सरकल्यासारखं दाखवावं लागतं तेवढंच मागे सरकलेलं असतं. म्हणून तर ते कडेला सापडतं.

चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर जुन्या पोस्टकार्डांचे गठ्ठे मिळतात. रबरबँड लावलेले, गावांप्रमाणे वेगळे केलेले, वर धुळीचा थर. त्यातलं काळबादेवी रस्त्याचं एक कार्ड माझ्याकडे आहे. ट्रामला घोडे जुंपलेले आहेत. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ साली आली आणि विजेची १९०७ साली, तेव्हा कार्ड या दोन सालांच्या मधलं. दोन्ही अंगांना तीन-चार मजली घरं, लाकडी सज्जे, सज्ज्यांवर वाळत घातलेली लुगडी. दुकानदार आपापल्या दाराशी उभे, पगड्या नीट. रस्त्याच्या मधोमध एक बैल, कसलीही घाई नसलेला आणि म्हणून सुरेख आलेला. आणि उजव्या कोपऱ्यात, अगदी खाली, दोन अनवाणी पावलं. घोट्यापर्यंत स्पष्ट, डाव्या पायाचा अंगठा मातीत रोवलेला दिसतो. घोट्याच्या वर मात्र नुसता एक धुरकट उभा पट्टा, आणि त्याच्या टोकाला काहीतरी पांढरं. टोपी असेल, दात असतील. पावलं जागेवर ठेवून तो कमरेतून वळला, किंवा मागच्या कुणाकडे बघून हसला, किंवा उगाच डोलला. फोटोग्राफर मंडळी अशा वेळी म्हणतात, फोटो हलला.

त्या कार्डावरच्या ट्रामपेक्षा, घरांपेक्षा मला तो हललेला मुलगा जास्त खरा वाटतो. बाकीचे सगळे त्या घडीला कॅमेऱ्यासमोर आहेत. तो एकटा काळबादेवीत आहे.

कॅमेऱ्याची सुरुवातच न हलणाऱ्यांच्या बाजूने झाली. १८३८ साली लुई दागेर याने पॅरिसमधल्या आपल्या खिडकीतून खालच्या बुलेव्हार द्यू तांप्ल या रस्त्याचा फोटो घेतला. हा रस्ता नाट्यगृहांचा, सदा गजबजलेला. फोटोत तो ओस पडलेला दिसतो. चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर चित्र उतरायला त्या काळी काही मिनिटं लागत, आणि तेवढ्या वेळात चालून गेलेल्या माणसाचा पत्र्यावर ठसाच राहत नसे. एका कोपऱ्यात एक गृहस्थ बूट पॉलिश करून घ्यायला पाय वर ठेवून थांबला होता, तो तेवढा आला. जिवंत माणूस दिसतो असा तो सर्वांत जुना ज्ञात फोटो मानतात. त्याच्या पायाशी वाकलेला पॉलिशवालाही आला आहे, पण त्याच्याहून पुसट, कारण त्याचे हात चालू होते. ज्याला थांबणं परवडतं तो स्पष्ट आणि ज्याचे हात चालू तो पुसट, ही वाटणी तिथूनच सुरू झाली. त्या मिनिटांत त्या रस्त्यावरून किती पोरं पळत गेली असतील! उनाड, कामाला निघालेली, कुणाला तरी हाक मारणारी. ती सगळी भिंगासमोरून गेली आणि पत्र्याला त्यांचा पत्ता लागला नाही. पुढे कधीतरी साफसफाई करताना तो मूळ पत्राच खराब झाला, तेव्हा पॉलिश करून घेणारा गृहस्थही आता फक्त नकलांमध्ये उरला आहे.

ही विद्या मुंबईला फार लवकर आली. १८५४ साली इथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली. तिच्या कामात डॉ. नारायण दाजी होते. डॉ. भाऊ दाजी लाडांचे हे धाकटे भाऊ, मूळ घर गोव्यातल्या मांद्र्याचं. त्यांनी काढलेले मुंबईकरांचे फोटो त्या काळच्या अल्बमांत छापले गेले. तेव्हा काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि ओली असतानाच धुवायची असा खटाटोप होता. उन्हाळ्यात त्यातलं ईथर बघता बघता उडे आणि काच सुकली की कष्ट वाया. रस्त्यावरचा फोटो घ्यायचा तर अंधारा तंबू, रसायनांच्या बाटल्या, पाणी, सगळा संसार बरोबर न्यावा लागे. आणि एवढं करून समोरच्याने काही सेकंद तरी निश्चल उभं राहायला हवं. स्टुडिओत त्यासाठी मानेमागे लोखंडी आधार असे. फोटोत तो दिसत नाही, पण त्या काळच्या माणसांच्या ताठ मानांत मला तो हमखास जाणवतो. रस्त्यावर कुणाच्या मानेला लोखंड लावणार?

विल्यम जॉन्सन नावाच्या इंग्रज फोटोग्राफरने यातून एक वाट काढली. मुंबईतल्या निरनिराळ्या जातीजमातींचे त्याने दोन खंड केले, १८६३ आणि १८६६ साली. माणसांचे फोटो त्याने आधी वेगळे काढून घेतले, त्यांच्या आकृत्या कापल्या आणि रस्त्यांच्या, देवळांच्या, बागांच्या फोटोंवर चिकटवून पुन्हा फोटो घेतले. काम इतकं सफाईचं की पहिल्या नजरेला कळत नाही. तरी ती पानं उलटताना मला कोंदल्यासारखं होतं. जानव्या-शेंड्यांसकट, दागिन्यांसकट, पागोट्याच्या वळणासकट माणसं उभी आहेत, त्यांत कितीतरी तरुण आहेत, आणि त्यांच्या मागून कुणीही जात नाहीये. कुणी थांबून बघत नाहीये. आपल्याकडचा रस्ता, आणि चार माणसं नटून उभी आहेत, आणि एकही पोर बघायला आलेलं नाही? असा रस्ता असूच शकत नाही. त्या खंडांतले कपडे खरे आहेत, चेहरे खरे आहेत, रस्ताही खरा आहे. त्यांची एकमेकांशी भेट तेवढी कधी झालेली नाही.

आपल्याकडे फोटो काढला की आयुष्य कमी होतं असं म्हणणाऱ्या म्हाताऱ्या माझ्या लहानपणापर्यंत होत्या. तान्ह्या बाळाचा फोटो त्या काढू देत नसत. हे नुसतं भाबडेपण होतं असं मी म्हणणार नाही. जिवंत मुलाला मान धरून, श्वास रोखून, डोळे न मिटता बसायला लावणारं ते यंत्र बघून आईच्या पोटात कालवलं असेल तर त्यात नवल काय!

उजेडाचं एक गणित मला फार छळतं. जुन्या कॅमेऱ्याला लख्ख ऊन हवं असायचं. गिरणीलाही उजेडच हवा असायचा. विजेचे दिवे येण्याआधी मुंबईतल्या गिरण्या उजाडताना सुरू होत आणि मावळताना सुटत. म्हणजे फोटो काढता येण्याजोगा जेवढा म्हणून वेळ, तेवढा सगळा वेळ परळ-चिंचपोकळीकडची पोरं आत, साच्यांजवळ. १८८१च्या कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायची बंदी केली. सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाचे नऊ तास ठरले. १८९१ साली ती वयोमर्यादा नऊवर आली आणि चौदापर्यंतच्या मुलांचे तास सातवर. जुन्या मुंबईच्या रस्त्यांचे देखणे फोटो बघताना हे आकडे माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. सकाळच्या कोवळ्या उन्हात टाऊन हॉलच्या पायऱ्या किती सुंदर आल्या आहेत! पण एवढं मोठं शहर आणि त्याच्या पायऱ्यांवर उंडारायला मुलं एवढी कमी कशी? जी त्या घडीला कापसाच्या फुफाट्यात उभी होती त्यांच्यापर्यंत कॅमेरा पोचत नव्हता, आणि ती बाहेर यायची तेव्हा कॅमेऱ्याला दिसत नव्हतं.

गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांची मी ऋणी आहे ती याच उजेडासाठी. स्वतः गिरणीत नोकरी केलेला हा माणूस ‘दीनबंधु’ हे पत्र चालवायचा. १८८४ पासून तो रविवारच्या सुट्टीसाठी अर्ज करत होता, सभा घेत होता. १८९०च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजारांच्या आसपास कामगार जमले. त्या सभेत बायकाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. याच सुमारास ओल्या काचांच्या जागी कोरड्या, तयार काचा सर्रास मिळायला लागल्या होत्या आणि सेकंदाच्या अंशात फोटो निघत होता. हे दोन बदल मला शेजारी-शेजारी ठेवून बघायला आवडतात. हलणारं माणूस टिपू शकणारा कॅमेरा रस्त्यावर आला, आणि त्याच दशकात गिरणीतल्या पोरांना रस्त्यावर यायला उन्हाचा एक दिवस मिळाला. एकाचा दुसऱ्याशी संबंध नव्हता. तरी त्यानंतरच्या रस्त्यांच्या फोटोंत मला जास्त पाय दिसतात, जास्त गोंधळ दिसतो. बहुतेक तो माझ्या शोधक डोळ्यांचा पक्षपात असेल, असू दे.

मग प्लेग आला. १८९६च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस या गोवेकर डॉक्टरांनी तो ओळखला आणि पुढच्या वर्षी सरकारी बंदोबस्ताचे फोटो काढले गेले. त्यांचे अल्बम आजही आहेत. घरोघरची झडती, गोरे सोल्जर, फवारे, आत ऊन यावं म्हणून उचकटलेली कौलं, रस्त्यावर आणून टाकलेलं सामान: गाद्या, हंडे, पेट्या, देव्हारा. भिंतींवर रंगवलेली वर्तुळं, प्लेगने गेलेल्यांची नोंद सांगणारी. या फोटोंत मुलं आहेत. पुष्कळ आहेत, आणि कडेला नाहीत, ओळीत आहेत. तपासणीसाठी उभी केलेली. मी भिंग घेऊन ती ओळ न् ओळ पाहिली आहे. एकही हललेलं नाही. काचा आता वेगवान होत्या. मान वळवली असती, पाय खाजवला असता, तरी फोटो बिघडला नसता. तरी ती हलली नाहीत. त्यांना जे थांबवत होतं ते कॅमेऱ्याचं नव्हतं. एवढा स्पष्ट, एवढा नितळ आलेला मुलाचा चेहरा बघून वाईट वाटावं असं मला दुसऱ्या कुठल्या फोटोंनी केलेलं नाही.

गोध्र्याला फोटोचा धंदा करणाऱ्या दादासाहेब फाळक्यांची पहिली बायको आणि मूल प्लेगमध्येच गेलं. तिथला मुक्काम त्यांनी हलवला. पुढे १९१२ साली सिनेमाला भांडवल मिळवायचं म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज त्याच जागेवरून एक-एक चित्र घेत महिन्याहून अधिक काळ ते बसले. चित्रं सलग फिरवली तेव्हा कोंब मातीतून वर आला, वळला, पानं उघडली. अंकुराची वाढ. मुलं फार वेगाने हलतात म्हणून फोटोतून निसटली. रोप इतकं हळू हलतं की ते डोळ्यांतूनच निसटतं, आणि फाळक्यांनी नेमकं ते धरलं. ज्या माणसाने घरातली वाढ थांबलेली पाहिली होती त्याने असं रोज उठून कोंबासमोर बसावं, याचा अर्थ लावायची मला हिंमत होत नाही. पण १९१३च्या मे महिन्यात गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तेव्हा पडद्यावर त्यांचा स्वतःचा मुलगा, भालचंद्र, रोहिदास होऊन चालत होता. मुंबईने एका पोराला हलताना पाहिलं आणि कुणी म्हटलं नाही की फोटो बिघडला.

तिकडे अमेरिकेत लुईस हाइन नावाचा मास्तर त्याच काळात गिरण्यांतून, खाणींतून आणि पहाटेच्या रस्त्यांवरून हिंडत होता. १९०८ पासून बालमजुरीविरुद्ध काम करणाऱ्या समितीसाठी तो फोटो काढत होता. आत शिरायला तो कधी विमा एजंट व्हायचा, कधी बायबल विकणारा. मुलांची उंची मोजायला त्याच्याकडे पट्टी नसायची. स्वतःच्या कोटाच्या कितव्या बटणापर्यंत पोर येतं ते तो हेरून ठेवायचा आणि खिशातल्या खिशात लिहून घ्यायचा. त्याच्या फोटोंखाली मुलांची नावं आहेत, वयं आहेत, किती वाजता कामाला लागतो, काय मिळतं ते आहे. पेपर विकणारी पोरं, काखेत गठ्ठा, टोपी कपाळावर. त्यांच्याकडे बघताना आपल्याला हाक मारता येते. आपल्या जुन्या पोस्टकार्डांवर छापलेलं असतं ‘नेटिव्ह स्ट्रीट’. घोड्याची जात कळते, इमारतीचा शिल्पकार कळतो. मातीत अंगठा रोवून उभ्या राहिलेल्या मुलाला काय म्हणून हाक मारायची?

त्याच्याही आधी, १९०५ साली, पॅरिसमधल्या एका खात्यापित्या घरातल्या जाक-आंरी लार्तीग या जेमतेम अकरा वर्षांच्या मुलाने आपल्या नात्यातल्या बहिणीचा फोटो काढला. ती जिन्यावरून उडी मारते आहे. लांब झगा, डोक्यावर टोपी, हात पसरलेले, आणि पाय जमिनीवर नाहीत. कुठल्या मोठ्या माणसाला हा फोटो सुचला असता असं मला वाटत नाही. मोठा माणूस ‘थांब’ म्हणाला असता. पोराने म्हटलं असणार, ‘मार उडी.’

मुंबईत तसं म्हणणारी मुलगी यायला तीसच्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला. नवसारीत जन्मलेल्या होमाई, पुढच्या होमाई व्यारावाला, जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत होत्या आणि माणेकशा व्यारावालांकडून कॅमेरा शिकत होत्या. पुढे त्यांनी नेहरू, गांधी, माउंटबॅटन टिपले, देशाचा इतिहास टिपला, त्यासाठी २०११ साली पद्मविभूषण मिळालं, ते सगळं खरंच. मला मात्र त्यांचे आधीचे फोटो जवळचे. बायकांच्या क्लबची सहल: त्याच फोटोंनी त्यांची सुरुवात झाली, ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने ते छापले आणि फोटोमागे रुपया दिला. आणि जे.जे.मधल्या मैत्रिणी. त्यांत रेहाना मोगल वारंवार दिसते. कुणी तिला बसवलेलं नाही, पदर सारखा कर म्हटलेलं नाही. वर्गात कामाला लागलेली, उन्हात रेंगाळलेली, स्वतःच्याच तंद्रीत असलेली एक तरुण मुलगी, आणि तिच्यासमोर कॅमेरा घेऊन तिच्याच वयाची दुसरी. हे सुरुवातीचे कितीतरी फोटो छापून आले ते माणेकशांच्या नावाने, कारण बाईच्या नावाला तेव्हा कोण विचारतो! नाव गेलं तरी नजर लपत नाही. त्या फोटोंत बघणारी आणि दिसणारी यांच्यामध्ये भीतीचा अंशही नाही, आणि क्रॉफर्ड मार्केटच्या अलीकडे-पलीकडे जी मुंबई इतकी वर्षं काचांवर उतरत होती तिच्यात हे नवीन होतं.

रस्त्यावरच्या मुलींचे फोटो त्याआधी थोडे दिवस मुंबईने ढिगाने पाहिले होते. १९३०-३१च्या कायदेभंगाचे. दिल्लीच्या अल्काझी संग्रहात के. एल. नर्सी या नावाचा एक अल्बम आहे, त्या दोन वर्षांतल्या मुंबईच्या रस्त्यांचे दोनशेहून अधिक फोटो असलेला. देशसेविकांच्या केशरी साड्या त्यात करड्या दिसतात. कॉलेजच्या वयाच्या मुली विलायती कापडाच्या दुकानांपुढे निदर्शनं करतात, समुद्राचं पाणी आणतात, मीठ करतात, मिरवणुकीच्या अग्रभागी चालतात. वरच्या सगळ्या गॅलऱ्या माणसांनी भरलेल्या. खांबांना लटकलेली पोरं. वानरसेनेचं वय ते. या फोटोंत जवळजवळ प्रत्येक जण थोडा-थोडा हललेला आहे, आणि ते फोटोग्राफरच्या हाताने नव्हे. गर्दीच मागेपुढे होत असणार.

त्या अल्बममधली काळबादेवी-भुलेश्वरकडची गर्दी बघताना मी एकाला शोधत राहते. बाबू गेनू, आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा, गिरणीत कामाला, वय बावीस. १२ डिसेंबर १९३० रोजी विलायती कापडाचा ट्रक अडवायला तो काळबादेवीत आडवा झाला आणि ट्रक त्याच्या अंगावरून गेला. त्याआधीच्या महिन्यांत तो असल्या कितीतरी मिरवणुकांत चालला असणार. टोपी घातलेल्या, काटक बांध्याच्या, बावीस वर्षांच्या मुलांनी ते फोटो भरलेले आहेत. त्यांतल्या कुणाच्याही चेहऱ्यावर पुढे काय होणार ते लिहिलेलं नाही. एक जण शेजाऱ्याच्या खांद्यावर हात टाकून जांभई देतोय.

माझ्या आईची मावशी गिरगावात मुगभाटात राहायची. आम्ही सगळी मुलं तिला मावशीआजी म्हणायचो. तीस साली ती आठ वर्षांची होती. एकदा एका दिवाळी अंकात त्या काळातल्या मिरवणुकीचा फोटो छापून आला होता, तो मी तिला दाखवायला घेऊन गेले. पंचांग बघायचं भिंग तिने काढलं आणि अंक खिडकीशी नेला. पुढाऱ्यांकडे तिने पाहिलंही नाही. आधी दुकानं पाहिली, मग सज्जे, मग बायकांची लुगडी नेसायची तऱ्हा. खालच्या कोपऱ्यात एक मुलगा पुसट आला होता, दोन्ही हात वर.

“लाठी पडणार म्हणून पळतोय गं बिचारा,” मी म्हटलं.

“पळतोय कुठला! वाकुल्या दाखवतोय मेला पोलिसांना.”

“तुला कसं कळलं?”

“अगं, पळणारा पुढे बघतो. ह्याचं तोंड मागे आहे.”

मग ती सांगत सुटली. पहाटेची प्रभातफेरी आली की सगळी चाळ गॅलरीत. पोरींना खाली जायची बंदी. तिच्या आईने जिन्याच्या दाराला कडी घातलेली. थोरला भाऊ मात्र गेला होता, सांगून नव्हे. दुपारी परत आला तो एकाच पायात चप्पल. आई आधी चपलेवरून ओरडली, मग त्याची पाठ उघडी करून बघितली, मग रडली. “आणि ह्यात आवाज नाही बघ,” ती फोटोवर बोट ठेवून म्हणाली. “केवढा आवाज होता म्हणून सांगू! आम्ही घसा बसेपर्यंत ओरडायचो, खाली जाता येत नव्हतं म्हणून जास्तच.” तिच्या बोटाखाली तो मुलगा झाकला गेला होता.

फोटो ठाकुरद्वारचा आहे असं ती शेवटपर्यंत म्हणत होती. अंकात काळबादेवी छापलं होतं. ते सज्जे तिच्या ओळखीचे, तो कोपरा तिच्या शाळेच्या वाटेवरचा. मला छापलेल्यावर विश्वास ठेवायची सवय, तिला स्वतःच्या डोळ्यांवर. मावशीआजी गेल्यानंतर त्या पानाची एक झेरॉक्स माझ्या पिशवीत बरेच दिवस होती, आणि काही ना काही कामाने तिकडे गेले की मी ती काढून घरांच्या माथ्यांशी जुळवत उभी राहायची. खालची दुकानं सगळी बदललेली असतात. जुनं घर ओळखायचं ते दुसऱ्या मजल्यापासून वर.

असंच एकदा भर दुपारी मी कागद वर धरून उभी होते तर कापडाच्या दुकानातला एक मुलगा, खांद्यावर ताग्यांचं गाठोडं, शेजारी येऊन थांबला. सतरा-अठराचा असेल. “काय शोधताय, काकू?” त्याने गाठोडं ओट्यावर टेकवलं आणि कागद माझ्या हातातून घेतला. मिरवणूक कसली, साल कुठलं, असलं काही त्याने विचारलं नाही. कागद जवळ धरला, लांब धरला, वरच्या सज्ज्याच्या नक्षीवर अंगठा ठेवला. “हे इथलं नाहीच,” तो म्हणाला. “अशी जाळी आमच्या मागच्या गल्लीत आहे. अजून आहे. चला, दाखवतो.” मी ठाकुरद्वारचं काही विचारणार होते, पण तो गाठोडं पुन्हा खांद्यावर टाकून, माझा कागद हातात घेऊन, दोन टॅक्सींच्या मधून रस्ता ओलांडायलाही लागला होता.